आमचे लायसन्स, मुलीचे लायसन्स





या अंकासाठी मुख्याध्यापकांनी काहीतरी 'प्रेरणादायी' लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह होता. खाली जे लिहिले आहे ते प्रेरणादायी आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. आम्हाला ते लिहिताना थोडी लाजच वाटली.

आधी एक खुलासा. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पदवीपर्यंत मराठी होती ती फक्त घरात, गणेशोत्सवात आणि आजीच्या पत्रांत. त्यामुळे 'हम' म्हणायची सवय लागली ती लागलीच. शाळेतल्या मराठीच्या बाई आमचा लेख तपासताना दरवेळी 'आम्ही'चे 'मी' करून देतात. या वेळी मात्र "राहू द्या" असे आम्ही त्यांना सांगितले, कारण ही गोष्ट आमची आणि आमच्या सौ.ची, दोघांची आहे. चूकही दोघांचीच आहे.

आमची धाकटी कन्या २०२२ च्या सप्टेंबरात शिकायला वेल्समध्ये, कार्डिफला गेली. वेल्स म्हणजे इंग्लंडला पश्चिमेकडून लागून असलेला छोटासा देश. अपघात किंवा आजारपणानंतर माणसाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून जे उपचार देतात, त्यांचा तिचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात वर्गाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष कामाला. दुसऱ्या वर्षी तिला कार्डिफच्या उत्तरेच्या खोऱ्यांत, जिथे एके काळी कोळशाच्या खाणी होत्या, तिथल्या गावांत जाऊन लोकांच्या घरी भेटी द्यायच्या होत्या. खाणी बंद झाल्या, गावे राहिली. बस आहे, पण दोन गावांमध्ये जायचे तर खाली उतरून पुन्हा दुसऱ्या खोऱ्यात चढायचे. शिक्षकांनी सांगितले, गाडी येत असेल तर फार सोयीचे होईल.

आम्ही फोनवर म्हटले, "मग काय अडचण आहे? तुझ्याकडे लायसन्स आहे ना!"

ते लायसन्स कसे मिळाले ते आता सांगतो. २०१८ साली कन्येला अठरा पूर्ण झाली. आम्ही एका एजंटला अडीच हजार रुपये दिले. तिने फोटो काढला, सही केली, मैदानात गाडी एकदा पुढे नेली आणि थांबवली. मागे घ्यायची वेळ आली तेव्हा कोणीतरी "ठीक है, ठीक है" म्हणाले आणि काम झाले. आम्ही पेढे आणले. आमचे स्वतःचे लायसन्स तर याहून सोपे. पहिल्या नोकरीच्या गावी, तीसेक वर्षांपूर्वी, ते घरपोच आले होते. सौ.चेही तसेच. घरात तीन लायसन्स आणि परीक्षा दिलेले कोणीच नाही.

ब्रिटनचा नियम असा की भारतीय लायसन्सवर तिथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांची लायसन्स तिथे बदलून मिळतात. भारताचे नाव त्या यादीत नाही. बारा महिन्यांनंतर आपल्या विद्यार्थ्याला तिथल्या सतरा वर्षांच्या नवख्या मुलासारखेच पहिलीपासून सुरू करावे लागते. तरीही पहिले वर्ष कायद्याने मोकळे होते, आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंगही उजवीकडेच. म्हणून २०२३ च्या वसंतात तिने मैत्रिणीच्या गाडीच्या विम्यात आपले नाव घालून घेतले आणि एका रविवारी गाडी चालवायला घेतली.

एका गावात ती डावीकडे वळत होती. त्या गल्लीच्या तोंडाशी एक आजीबाई काठी घेऊन रस्ता ओलांडायला उभ्या होत्या, एक पाय रस्त्यावर टाकलेला. आपल्याकडे आपण जे करतो तेच तिने केले. हॉर्न वाजवला आणि त्यांच्या पुढून गाडी काढली. आजीबाई जागच्या जागी थिजल्या. काही झाले नाही, कोणाला लागले नाही, कोणी ओरडलेही नाही. मैत्रिणीने फक्त पुढे गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि किल्ली मागून घेतली. बाकीचा रस्ता ती स्वतः चालवत घरी आली, न बोलता.

त्या रात्री फोन आला. "बाबा, माझं लायसन्स खरं नाहीये."

आम्ही समजूत घातली. म्हटले, अगं, नवीन देश आहे, होईल सवय. ती म्हणाली, "देशाचा प्रश्न नाही. मला गाडी पुढे नेता येते, एवढंच. चालवता येत नाही."

मग तिने सगळे रीतसर सुरू केले. पालकांपैकी बऱ्याच जणांची मुले बाहेर शिकायला जातात, म्हणून तपशील देतो. सर्वप्रथम प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स. त्यासाठी त्या देशात किमान १८५ दिवस राहण्याची परवानगी हाती असावी लागते. ऑनलाइन अर्ज केला तर ३४ पौंड, टपालाने ४३. सगळ्या ब्रिटनची लायसन्स वेल्समधल्याच स्वान्सी शहरातून निघतात. आले ते हिरवे कार्ड. त्यावर एकट्याने चालवता येत नाही. शेजारी एकवीस वर्षांवरचा आणि तीन वर्षे पक्के लायसन्स असलेला माणूस हवा, आणि गाडीला पुढेमागे लाल 'एल'.

नंतर लेखी परीक्षा, फी २३ पौंड. संगणकावर ५० प्रश्न, ५७ मिनिटे, आणि उत्तीर्ण व्हायला ४३ बरोबर लागतात. आमच्या शाळेत शंभरात ८६ गुणांना उत्तीर्ण म्हटले तर पालकसभेत काय होईल ते आम्हाला माहीत आहे! त्यानंतरचा भाग आम्हाला फार आवडला. चौदा छोट्या चित्रफिती दाखवतात. गाडी रस्त्यावरून चालली आहे. कुठे चेंडू घरंगळत येतो, कुठे उभ्या बसच्या मागे कोणाचे तरी पाय दिसतात. धोका तयार होऊ लागला असे वाटले की बटण दाबायचे. लवकर ओळखला तर पाच गुण, उशीर झाला तसे चार, तीन, दोन, एक, आणि फारच उशीर झाला तर शून्य. उगाच भराभर बटण दाबत राहिलात तरी त्या फितीचे शून्य. पंचाहत्तरपैकी ४४ मिळवावे लागतात. जे अजून घडलेलेच नाही त्याची परीक्षा! आम्ही एवढी वर्षे प्रश्नपत्रिका काढतो आहोत, असा प्रश्न काही कधी सुचला नाही.

ही परीक्षा इंग्रजीत देता येते किंवा वेल्श भाषेत. पूर्वी हिंदी, उर्दू, गुजराती अशा काही परदेशी भाषांत प्रश्न ऐकायची सोय होती, ती २०१४ च्या एप्रिलमध्ये बंद झाली. वेल्श मात्र आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे शंभरात अठरासुद्धा नाहीत. तरी रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत. शिकाऊ गाडीला 'एल'ऐवजी वेल्श शब्दातला 'डी' लावला तरी चालतो. वळणाच्या आधी रस्त्यावर भल्या मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'स्लो' लिहिलेले असते, आणि त्याच्या जोडीला त्याच अर्थाचा वेल्श शब्द. लिहिताना शेवटी इंग्रजीचा 'एफ', पण उच्चार 'अराव'. म्हणजे हळू.

तिला शिकवणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे. त्यांना लहानपणी घरी वेल्श मिळाली नव्हती, ती ते चाळिशीनंतर संध्याकाळच्या वर्गात शिकले, कारण मुलांना वेल्श माध्यमाच्या शाळेत घातले होते आणि मुलांचा अभ्यास घेता येईना. हे ऐकल्यावर आम्हाला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली. आम्हीही मराठी शुद्धलेखन शिकलो ते या शाळेत रुजू झाल्यावर, मुलांच्या वह्या तपासता तपासता. गाडी जोरात जाऊ लागली की ते ओरडत नसत, हलकेच म्हणत, "अराव." १७ सप्टेंबर २०२३ पासून तर वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० मैलांची मर्यादा २० वर आली, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. तो शब्द कन्येच्या इतका तोंडी बसला की फोनवर आईने भराभर बोलायला सुरुवात केली की तिलाही "आई, अराव!"

नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रत्यक्ष परीक्षा. फी ६२ पौंड. सुरुवातीला वीस मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचायची. मग चाळीसेक मिनिटे रस्त्यावर. तेव्हा त्यातली वीस मिनिटे परीक्षक रस्ता सांगत नसे, पाट्या बघून किंवा नकाशाच्या यंत्रावरून आपले आपण जायचे. एकदा गाडी मागे घेऊन लावून दाखवायची. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ. गंभीर चूक एकही झाली की नापास.

ती नापास झाली. कारण काय असेल? डावीकडे वळताना गल्लीच्या तोंडाशी रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या माणसासाठी थांबली नाही. तीच चूक. २०२२ च्या जानेवारीत तिथल्या नियमावलीत बदल होऊन असे स्पष्ट झाले आहे की वळणाऱ्या गाडीने, ओलांडायला थांबलेल्या माणसालाही आधी जाऊ द्यायचे. नियम तिला पाठ होता, लेखी परीक्षेत बरोबर लिहिलाही होता. पण पायाला माहीत नव्हता. पायाला जे माहीत होते ते आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसून अठरा वर्षे पाहिलेले होते.

पुन्हा परीक्षा द्यायची तर कामाचे निदान दहा दिवस मध्ये जावे लागतात. प्रत्यक्षात तारखाच महिना महिना मिळत नाहीत. कोणीतरी रद्द केलेली तारीख तिला जानेवारीत मिळाली. या वेळी ती इतकी जपून चालवत होती की गोल चौकात मोकळी जागा असूनही निघेना. मागे रांग लागली. परीक्षकांनी सांगितले, विनाकारण थांबणे हीसुद्धा चूक आहे, मागच्याला तुमचा अंदाज येत नाही. पुन्हा नापास.

तोपर्यंत खोऱ्यातले काम सुरू झाले होते. पहाटे साडेपाचला अंधारात, पावसात बसथांब्यावर. आमच्या सौ.चा जीव तुटत होता. एकदा आम्हीच म्हणालो, "बघ ना, तिथे कोणी ओळखीचं... काही होत असेल तर..." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "बाबा, तिथे असं नसतं. आणि असतं तरी मला नको होतं."

मार्च २०२४ मध्ये तिसऱ्या वेळी ती उत्तीर्ण झाली. हिरव्या कार्डाच्या जागी टपालाने गुलाबी कार्ड आले. शिकवणीचे तीस तास, तासाला चाळीस पौंड, आणि सगळ्या फिया मिळून खर्च आला दीड लाख रुपयांच्या आसपास. शिवाय पहिल्या दोन वर्षांत दंडाचे सहा गुण जमा झाले तर लायसन्स रद्द, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या अडीच हजारांच्या कामाची ही फेड.

डिसेंबर २०२४ मध्ये ती सुट्टीवर इंदूरला आली. विमानतळावर घ्यायला आम्ही गाडी घेऊन गेलो. ती पुढे शेजारी बसली. गप्पा चालू होत्या, पण आमच्या लक्षात आले की तिचा उजवा पाय सारखा खाली दाबला जातो आहे, जणू तिथे ब्रेक आहे. राजवाड्याजवळ आम्ही वळलो, एक बाई लहान मुलाला घेऊन उभी होती, आम्ही हॉर्न दिला आणि निघालो. तिने डोळे मिटले. बोलली काही नाही.

बोलली ती रात्री जेवणानंतर. अगदी शांतपणे विचारले, "बाबा, तुम्ही परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाचा पेपर काढून घेता. बरोबर ना? मग माझं लायसन्स काय होतं?"

सौ. ताटे उचलत होत्या, त्या थांबल्या. आम्हाला उत्तर सुचले नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही कॉपीवर किती भाषणे दिली असतील! या शाळेत चिठ्ठी सापडली तर विश्वस्तांच्या नातेवाइकाचा मुलगा असला तरी आम्ही सोडलेले नाही. आणि घरच्या तीन कॉप्या पाकिटात घालून फिरत होतो.

त्यातून दुसरी गोष्ट आठवली, आणि ती जास्त बोचली. त्या पावसाळ्यात आपल्या दहावीतला एक मुलगा स्कूटरवरून शाळेत येताना घसरला. पाय मोडला, दोन महिने घरी, पूर्वपरीक्षा बुडाली. सुदैवाने पुढे सगळे नीट झाले. आम्ही घरी जाऊन भेटून आलो, फळे नेली, वडिलांशी बोललो. पण 'पंधरा वर्षांच्या मुलाला गाडी का दिलीत' हे विचारायला तोंड उघडले नाही. का उघडले नाही, ते त्या रात्री कळले.

कन्या परत गेल्यावर, २०२५ च्या जानेवारीत आम्ही आणि सौ., दोघांनी अन्नपूर्णा रोडकडच्या एका मोटार ट्रेनिंगमध्ये नाव घातले. रोज सकाळी साडेसहाला, एक महिना. शिकवणारा मुलगा आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, आप आईना देखते ही नहीं हो." तीस वर्षे गाडी चालवतो आहोत, आरसा केस विंचरायलाच आहे असे वाटत होते! गाडी सरळ मागे घ्यायला आम्हाला नऊ दिवस लागले. सौ. तीन दिवसांत शिकल्या, हे त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

एकदा सिग्नलला आठवीतली दोन मुले सायकलवर शेजारी येऊन थांबली. गाडीच्या टपावर लाल 'एल'चा फलक आणि आत मुख्याध्यापक. "सर, आप भी?" असे म्हणून ती जी हसत सुटली! दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळेपर्यंत सगळ्या शाळेला कळले होते. आम्ही मंचावरून सांगून टाकले, की हो, आम्हीही शिकतो आहोत, कारण तेव्हा शिकलो नव्हतो.

आता मुद्द्याचे. आपल्या शाळेत नववी-दहावीची बरीच मुले स्कूटरने येतात. फाटकावर शिपाई अडवेल म्हणून गाडी मागच्या गल्लीत लावतात आणि चालत आत येतात. हे आम्हाला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. कायदा असा आहे की अठरा वर्षांच्या आत गाडी चालवता येत नाही. सोळा पूर्ण झालेल्याला फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची चालते, आणि आपल्या घरोघरी ज्या स्कूटर आहेत त्या शंभर सीसीच्या वरच्या. २०१९ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. जे परदेशी जाऊ इच्छितात त्यांनी या शेवटच्या ओळीचा नीट विचार करावा.

पण कायद्याची भीती घालायला हा लेख लिहिलेला नाही. पालकांच्या अडचणी आम्ही जाणतो. दोघेही नोकरीवर, शिकवणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिक्षा महाग. मुलगा उंचीने बापाएवढा झाला की किल्ली सहज हातात दिली जाते. आम्हीही दिली असती. म्हणून नुसती बंदी न घालता आम्ही विश्वस्त मंडळापुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. येत्या सत्रापासून लायसन्स नसलेल्या विद्यार्थ्याची गाडी शाळेच्या आत नाही आणि मागच्या गल्लीतही नाही. रोज एक शिक्षक तिथे उभा राहील, आणि पहिला आठवडा आम्ही स्वतः उभे राहू. सायकलींसाठी पत्र्याची शेड मोठी करावी. आणि एकाच वस्तीतल्या मुलांसाठी पालकांनी मिळून व्हॅन ठरवावी. त्याच्या याद्या वर्गशिक्षक करून देतील. मंडळाच्या बैठकीत काहींनी शंका काढली की पालक नाराज होतील, मुले दुसऱ्या शाळेत जातील. मराठी शाळेला एकेक मूल मोलाचे आहे, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असेल? पण म्हणूनच तर.

अठरा पूर्ण झालेल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. लर्निंग लायसन्स काढा, निदान महिनाभर खरोखर शिका, आणि परीक्षा स्वतः द्या. नापास झालात तर आमच्याकडे या, चहा पाजू. आमच्या घरात दोनदा नापास झालेली एक व्यक्ती आहे आणि तिघांत गाडी तिलाच सगळ्यात चांगली येते.

गेल्या रविवारी सौ. आम्हाला गाडीत शेजारी बसवून लोकमान्य नगरला नातेवाइकांकडे घेऊन गेल्या. वळणावर एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन उभे होते. सौ.नी गाडी थांबवली. आजोबांना वाटले, पत्ता विचारायचा आहे. ते खिडकीशी आले. "नाही हो काका," सौ. म्हणाल्या, "तुम्ही आधी जा." मागून तीन हॉर्न वाजले. आजोबा दोनदा वळून बघत रस्ता ओलांडून गेले.



आपला,
मुख्याध्यापक